सावड

'सहकार्य' हा शब्द मी क्रमिक पुस्तकात वाचला आणि 'सावड' हा शब्द आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, तोंडून ऐकला. द्वितीय वर्षाला अर्थशास्त्र शिकताना 'विकसनशील देशांमधील परस्पर आर्थिक सहकार्य' असे एक लांबलचक प्रकरण आले. सरांनी ते नेटाने शिकविले, आम्ही ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत लिहूनही आलो. परंतु या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे की वेगवेगळा, हा प्रश्न काही मनातून गेला नाही. त्याचा छडा आपल्यापुरता लावावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आमचे गाव निघोजे. खेड तालुक्यातले, इंद्रायणीच्या काठचे, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आता पूर्णपणे सामावून गेलेले. आबांच्या तरुणपणी मात्र ते बाजरी-ज्वारीचे, नदीकाठी थोड्या बागायताचे आणि चाकणच्या बाजारात कांदा नेणारे गाव होते. आमच्याकडे त्या वेळी एकच बैल होता. एका बैलाने नांगर चालत नाही. शेजारच्या घरीही एकच होता. मग दोन्ही घरांनी सावड केली. दोन बैलांची एक जोडी झाली. दोन दिवस त्यांच्या रानात, दोन दिवस आमच्या. माणसांचीही सावड असे. आज आमच्या खुरपणीला त्यांच्या घरच्या बाया, उद्या त्यांच्या खुरपणीला आमच्या. पैसा मध्ये येत नसे. आबा म्हणतात, "सावडीत पाळी मोजायची बघ. कुणाचा बैल थोर नि कुणाचा बारका, हे काढत बसलं की सावड मोडली म्हणून समज." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या दावणीला चार बैल असत तो कधी सावड करीत नसे. तो बैल भाड्याने देई. काम दोन्हीकडे तेच होई, नांगरटही तीच. पण एकाला आपण सावडकरी म्हणत असू आणि दुसऱ्याला मालक.

आता पुस्तकाकडे वळू. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील २९ देशांचे प्रतिनिधी एकत्र जमले. त्यांतले कित्येक देश नुकतेच स्वतंत्र झालेले, म्हणजे दावणीला एकच बैल असलेले. १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली. १५ जून १९६४ रोजी जिनीव्हा येथे ७७ विकसनशील देशांनी आपला गट स्थापन केला. त्याच वर्षी भारताने इतर विकसनशील देशांतील लोकांना तांत्रिक शिक्षण देण्याची योजना सुरू केली. तिला 'आयटेक' म्हणतात आणि ती आजही चालू आहे. १९७८ मध्ये ब्यूनस आयर्स येथे १३८ देशांनी परस्पर तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम मान्य केला. त्याची आठवण म्हणून १२ सप्टेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे पाळला जातो. पुढे १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची कल्पना सर्वतोमुखी केली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीच्या तोंडचा घास काढून नव्हे, असा तिचा सरळ अर्थ आहे.

वाचकहो, ही सनावळी पाठ करणे कठीण नाही. कठीण आहे ते हे की, या सगळ्याचा निघोज्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. १९९९ च्या सुमारास शेजारच्या महाळुंग्यात बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना आमच्या शिवाराला लागून उभा राहिला. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. आमची रानेही औद्योगिक वसाहतीत गेली. आलेल्या पैशातून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, राहत्या घरामागे सहा खोल्या बांधल्या. आज आमच्या घराचा प्रपंच त्या खोल्यांच्या भाड्यावर आणि दादाच्या पगारावर चालतो. दादा दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात कंत्राटावर आहे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

२०२३ च्या पावसाळ्यात दादाला 'ब्रेक' मिळाला. कंत्राटी कामगाराला कामावरून बसवितात, त्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. त्याच कारखान्यातले चार-पाच जण आमच्या खोल्यांत राहत होते. तेही गावाकडे निघून गेले. सहांपैकी तीन खोल्यांना कुलपे लागली. मी त्या वेळी बारावीला होते. पुढे शिकवायचे की नाही, ही चर्चा घरात सुरू झाली. अण्णा तोंडाने काही म्हणाले नाहीत. पण रात्री वहीत आकडे मांडून पुन्हा खोडताना मी त्यांना पाहत असे. कारखान्यात विचारले तर एवढेच उत्तर मिळे, की "एक्स्पोर्टची ऑर्डर नाही."

एक्स्पोर्टची ऑर्डर का नाही, हे मला कळायला महाविद्यालयाचे दुसरे वर्ष उजाडावे लागले. आपल्या दुचाकींचे नायजेरिया हे एक फार मोठे गिऱ्हाईक. नायजेरियाची परदेशी चलनाची कमाई मुख्यतः खनिज तेलावर. डॉलरची टंचाई झाल्यामुळे तेथील व्यापाऱ्यांना माल मागविणे जड जाऊ लागले होते. जून २०२३ मध्ये तेथील सरकारने नायरा या आपल्या चलनाचा दर बाजारावर सोडला आणि नायरा घसरत गेला. लागोसच्या तरुणाला कालची मोटारसायकल आज परवडेनाशी झाली. इतर देशांतही डॉलर महाग झालेलाच होता. २०२१-२२ मध्ये भारतातून सुमारे ४४ लाख दुचाकी परदेशी गेल्या होत्या. २०२२-२३ मध्ये हा आकडा साडेछत्तीस लाखांवर आणि २०२३-२४ मध्ये साडेचौतीस लाखांच्या आसपास आला. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा ४२ लाखांच्या जवळ पोहोचला. दादालाही तोवर पुन्हा कामावर घेतले होते, खोल्या भरल्या होत्या आणि माझा प्रवेश झाला होता.

म्हणजे नायरा घसरला तेव्हा निघोज्यातल्या एका मुलीचे शिक्षण थांबायला आले होते, आणि या दोन गोष्टींमधली साखळी आमच्या घरात कोणालाही दिसत नव्हती. तिकडच्या त्या तरुणालाही आमचे घर दिसत नसणार. एकमेकांच्या जिवावर जगणारी, पण एकमेकांना न ओळखणारी अशी ही माणसे.

ही ओळख करून घ्यावी म्हणून मी थोडे वाचन केले. पुण्यात एका वक्तृत्व स्पर्धेला गेले असता टांझानियाहून शिकायला आलेला एक विद्यार्थी भेटला. माझे गाव चाकणजवळ आहे असे सांगताच तो हसून म्हणाला, की आमच्या दार-एस-सलाममध्ये तीन चाकी रिक्षाला 'बजाजी' असेच म्हणतात. ते कंपनीचे नाव आहे हे लहान मुलांना माहीतही नसते. युगांडा आणि केनियात प्रवासी नेणाऱ्या दुचाकीला 'बोडाबोडा' म्हणतात. या दोन देशांच्या सीमेवर माणसांना 'बॉर्डर-बॉर्डर' असे पुकारत सायकलवरून पोहोचविणारे लोक असत, त्यांच्या हाकेवरून हा शब्द पडला असे सांगतात. नायजेरियात रिक्षाला 'केके' म्हणतात. २००१ मध्ये तेथील सरकारने दारिद्र्यनिर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बेकार तरुणांना अशा रिक्षा दिल्या, म्हणून त्या कार्यक्रमाचे आद्याक्षरी नावही तिला चिकटले. आपल्या रिक्षावाल्या काकांसारखेच हप्ते, तशीच पोलिसांची कटकट आणि तसेच पोरांच्या फीचे ओझे. फेब्रुवारी २०२० मध्ये लागोसच्या अनेक भागांत दुचाकी-टॅक्सी व केके यांना बंदी झाली, तेव्हा हजारो घरांची चूल अडचणीत आली असेल. ते वाचताना मला दादाचा ब्रेक आठवला.

इतके सगळे खरे. पण याला सावड म्हणायचे का? येथे आबांची कसोटी लावून पाहिली पाहिजे. नायजेरियातून आपल्याकडे मुख्यतः खनिज तेल येते, टांझानियातून सोने आणि काजू येतो. आपल्याकडून यंत्रे, औषधे, गाड्या जातात. कच्चा माल तिकडून आणि पक्का माल इकडून, हीच ती व्यवस्था! दादाभाई नवरोजींनी इंग्रजांच्या राज्यातील ज्या पिळवणुकीचा हिशेब मांडला, तिच्यात जबरदस्तीची वसुली होती. ती येथे नाही, आणि हा फरक लहान नाही. तरी देवाणघेवाणीचा साचा तोच राहिला, तर दावणीला चार बैल असलेल्या मालकासारखे आपण वागू लागलो आहोत की काय, हे स्वतःला विचारलेच पाहिजे.

तुरीचे उदाहरण तर आमच्या अंगणातलेच आहे. आमच्या एका खोलीत लातूर जिल्ह्यातला एक भाडेकरू राहतो. त्याच्या घरी तूर पिकते. २०१६ मध्ये भारत सरकारने मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार केला. तुरीचे भाव त्याआधी कडाडले होते, म्हणून हा करार झाला आणि तिकडच्या लहान शेतकऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळाले. परंतु त्याच हंगामात आपल्याकडे तुरीचे उदंड पीक आले. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात तूर त्याहून कमी भावाने विकावी लागली आणि खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. पुढे मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली करण्यात आली. हा भाडेकरू एकदा म्हणाला, "ताई, माझ्या हातचा पार्ट आफ्रिकेत जातो म्हणून माझं पोट भरतंय, अन् आफ्रिकेची तूर हिकडं येती म्हणून माझ्या बापाचं मरण होतंय. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू?" याचे उत्तर माझ्या पुस्तकात नाही. मोझांबिकच्या शेतकऱ्याने उपाशी राहावे असे त्याचेही म्हणणे नाही. पण सावड करताना पाळी आधी ठरलेली असते, पीक उभे राहिल्यावर ती ठरवीत नाहीत. किती तूर, कधी आणि कोणत्या भावाने, हे पेरणीपूर्वी दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना कळले, तर एकाच्या मुखी घास जाताना दुसऱ्याचा हिरावला जाणार नाही, एवढे मात्र मला समजते.

सावडीचा खरा नमुना शोधायला मला फार दूर जावे लागले नाही. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य मिळाले होते. नुसत्या औषधाच्या बाटल्या पाठविणे त्यांना सोपे होते. त्यांनी औषध तयार करण्याची विद्या दिली. आकुर्डीला १९६० च्या सुमारास स्कूटर तयार होऊ लागली तीही इटलीच्या परवान्यावर. १९७१ मध्ये तो परवाना संपला आणि मग 'चेतक' आपल्या बळावर रस्त्यावर आली. आज या पट्ट्यात लाखो हातांना काम आहे, त्याच्या मुळाशी ही मिळालेली विद्या आहे. जे आपल्याला मिळाले ते आपण पुढे देतो का? काही ठिकाणी देतो. २०१८ पासून दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ महिंद्राच्या पिकअप गाड्यांची जोडणी होते. सुटे भाग भारतातून जातात, पण जोडणारे हात तेथले असतात. हे पहिले पाऊल आहे. सुटे भागही तेथे तयार होऊ लागतील तेव्हा दुसरे पडेल. त्या वेळी निघोज्याची एखादी ऑर्डर कमी होईल, हेही मी जाणून आहे. सावडीत आपला बैल दुसऱ्याच्या रानात जातो त्या दिवशी आपले रान पडूनच राहते.

याहून उजळ उदाहरण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदुज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, की एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून अधिक असेल तर ती लस आम्हांला असून नसल्यासारखी. जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी २००१ मध्ये प्रकल्प हाती घेतला, अमेरिकेतील सरकारी शास्त्रज्ञांकडून तंत्र मिळाले आणि पुण्याने ती लस त्याच किमतीत तयार करून दाखविली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली आणि 'अ' गटाच्या जंतूंमुळे येणारी ती साथ जवळजवळ नाहीशी झाली. येथे किंमत प्रथम गरजवंताने सांगितली आणि माल मागाहून तयार झाला. बाजारात असे क्वचित घडते.

पण सत्य सांगायचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२१ पासून कोरोनाची लस आपण इतर देशांना पाठवू लागलो होतो. मार्चअखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली, तेव्हा ती निर्यात थांबली आणि अनेक आफ्रिकी देश महिनोन्‌महिने वाट पाहत राहिले. आपल्या घराला आग लागली असताना शेजाऱ्याकडे घागर कोण पाठवील, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. त्या एप्रिल-मेमध्ये आमच्या गावानेही माणसे गमावली. तरी त्या अनुभवाचा धडा हाच, की साऱ्या गावाने एकाच विहिरीवर अवलंबून राहू नये. लस करण्याची विद्या आफ्रिकेतही रुजली पाहिजे.

आता राहिला शाश्वततेचा प्रश्न. त्याचे पुस्तक आमच्या गावाजवळून वाहते. तुकोबांच्या देहूपासून ज्ञानोबांच्या आळंदीपर्यंत जाणारी ही इंद्रायणी. आळंदीला तिच्यावर फेस तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. त्या फेसात कारखान्यांचे पाणी आहे, शहराचे आहे आणि आमच्यासारख्या गावांतल्या खोल्यांचे सांडपाणीही आहे. आई सांगते, की ती सासरी आली तेव्हा नदीचे पाणी पीत असत. मी त्या पाण्यात कधी पाय बुडविलेला नाही. लागोसच्या तरुणाला आम्ही गाडी दिली, तिचा धूर त्याच्या वाट्याला आणि तिच्या धंद्याचा मैला आमच्या वाट्याला, अशी ही वाटणी असेल तर ती फार दिवस टिकणार नाही.

समाधान एवढेच, की शहाणपण आता एकाच दिशेने वाहत नाही. इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या आयातीस बंदी केली. रुवांडात किगालीच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारसायकल-टॅक्सी धावू लागल्या आहेत. आकुर्डीला आता विजेवरची चेतक तयार होते आणि आमच्या चाकणला विजेच्या मोटारी. पण या वाटेवर कोण कोणाला शिकवील हे अजून ठरायचे आहे. केनियातील खेडूत २००७ पासून मोबाईलवर पैसे पाठवीत होता. आपल्याकडे यूपीआय आले २०१६ मध्ये. तेव्हा आपण देणारे आणि ते घेणारे, हा गैरसमज आपण लवकर टाकून द्यावा हे बरे.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० गटाचे सभासदत्व मिळाले. आपल्या देशाने त्यासाठी पुढाकार घेतला, याचा मला अभिमान वाटतो. पण परिषदेत खुर्ची मिळणे वेगळे आणि हिशेबात पाळी मिळणे वेगळे. मला वाटते, विकसनशील देशांच्या सहकार्याला तीन प्रश्न नेहमी विचारावेत. मालाबरोबर विद्या गेली का? एकाचा भाव पडला तर दुसऱ्याने त्याला सांभाळून घेण्याची काही सोय आहे का? आणि दोन्ही गावांच्या नद्या वापरण्याजोग्या राहिल्या का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तेव्हा तिला मी सावड म्हणेन. एरवी तो व्यापार. व्यापार वाईट नव्हे, त्याच्यावरच तर मी शिकते आहे. पण त्याला सावडीचे नाव देऊ नये.

अण्णांनी मध्यंतरी विचारले, "हे अर्थशास्त्र शिकून पुढं करायचं काय?" दादाला ब्रेक का मिळाला, हे कारखान्याच्या दारात कोणी सांगत नाही, ते सांगता येणारे माणूस गावात एक तरी असावे, म्हणून शिकते आहे, असे मी त्यांना म्हणाले. त्यांनी थोडा वेळ विचार केला, मग म्हणाले, "मग नीट शिक."